येते गं, टिकले

आमच्या फ्लॅटच्या मुख्य दाराची आतली बाजू जमिनीपासून साधारण दीड फुटापर्यंत वेगळी दिसते. तिथला सनमायका सुटून त्याच्या कडा वर वळल्या आहेत, आतले प्लायवूड उघडे पडले आहे आणि त्यावर उभ्या ओरखड्यांची इतकी दाटी आहे की एक ओरखडा दुसऱ्यापासून वेगळा ओळखू येत नाही. त्यांतले काही तपकिरी आहेत. तो रंग रक्ताचा आहे. सुतार दोनदा येऊन माप घेऊन गेला, परंतु दार बदलणे माझ्याने अजून झालेले नाही.

हे ओरखडे टिकलीचे आहेत. टिकली आमच्याकडे २०२० च्या जूनमध्ये आली. टाळेबंदी सुरू होऊन तीन महिने होत आले होते. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री पार्किंगमधून येणारे बारीक केकाटणे ऐकून बाबा खाली गेले, ते दीड-दोन महिन्यांचे पिल्लू टॉवेलात गुंडाळून घेऊनच वर आले. बदामी अंग, कपाळाच्या मधोमध पांढरा ठिपका, एक कान उभा आणि दुसरा अर्ध्यावर मोडलेला. नाव शोधावे लागले नाही. त्यानंतरच्या दहा महिन्यांत तिने घर रिकामे असे कधी पाहिलेच नाही. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून काम करीत असे, बाबा खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसलेले असत आणि टिकली त्यांच्या पावलांवर हनुवटी टेकून झोपलेली असे. पिल्लाला लहानपणापासूनच थोडा थोडा वेळ एकटे राहण्याची सवय लावावी लागते, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते. आणि ठाऊक असते तरी त्या दिवसांत तिला एकटे ठेवून आम्ही जाणार तरी कुठे होतो?

बाबांनी एस.टी.त चौतीस वर्षे नोकरी केली. शेवटची काही वर्षे ते स्वारगेट स्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. कोणती गाडी केव्हा लागली आणि केव्हा सुटली, याची नोंद ठेवण्यात त्यांचे आयुष्य गेले आणि निवृत्तीनंतरही ती सवय सुटली नाही. त्यांच्या डायरीत रोज ओळी असत : दूध आले ६.१०, पाणी गेले ८.४०, टिकली फिरून आली ७.२५. घरातून निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे, हा रिवाज बहुतेक मराठी घरांत असतोच. आमच्याकडे तो अधिक कडक होता, कारण रात्रीची गाडी ठरल्या वेळी आली नाही की जिच्यापाशी माणसे गोळा होतात, त्या खिडकीच्या आतल्या बाजूला बाबा बसलेले असत. लहानपणी शाळेत निघताना माझ्या तोंडून ‘जाते’ निघून गेले, तर ते मला उंबऱ्यावरून परत बोलावून ‘येते’ म्हणायला लावीत.

१४ एप्रिल २०२१ रोजी दुपारी बाबांना न्यायला रुग्णवाहिका आली. दुसऱ्या लाटेचे ते दिवस होते आणि खाट मिळाली हेच आम्ही मोठे भाग्य समजत होतो. पांढऱ्या संरक्षक पोशाखातील दोघे जण वर आले. त्यांना पाहून टिकली मागे सरकली आणि खुर्चीखाली शिरली. बाबांना धाप लागली होती, तरी दारात थांबून ते वळले आणि म्हणाले, “टिकले, येतो गं.” अकराव्या दिवशी ते गेले. अंत्यसंस्कार कसे झाले ते सांगत नाही; ज्यांनी तो महिना पाहिला आहे त्यांना ते सांगावे लागत नाही. घरी काहीच परत आले नाही, ज्याचा टिकलीला वास घेता आला असता.

ती नऊ दिवस दाराशी बसून होती. जेवायला उठे, फिरायला उठे आणि परत तिथेच येऊन बसे. दहाव्या दिवशी ती माझ्या मागून स्वयंपाकघरात आली आणि तेव्हापासून तिने मला दृष्टीआड होऊ दिले नाही. मी पाणी प्यायला उठले तर ती उठे, मी अंघोळीला गेले तर न्हाणीघराच्या दाराशी, फटीला नाक लावून, बसून राही. मला ते हवे होते. त्या रिकाम्या घरात कोणीतरी माझी पाठ सोडत नाही, याचा मला फार मोठा आधार वाटत असे आणि त्यातले जे भय होते ते मी माया म्हणून वाचले. पुढचे वर्षभर मी घरूनच काम केले. किराणा आणायला जाई तेवढीच.

२०२२ च्या जूनमध्ये कार्यालयाने आठवड्यातून तीन दिवस बोलावण्यास सुरुवात केली. दुसऱ्याच आठवड्यात समोरच्या काकूंनी मला जिन्यात थांबवले. “तू गेल्यापासून तुझी टिकली रडत असते गं,” त्या म्हणाल्या. “भुंकत नाही, रडते. मी दारातून हाका मारते, पण तिला माझे काही ऐकूच जात नाही.” खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडात एक आजी अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि त्यांच्या मुलाने सोसायटीकडे लेखी तक्रार केली होती. मी ती तक्रार वाचली. तिच्यातील एकही वाक्य खोटे किंवा अवास्तव नव्हते.

जुना मोबाइल पुस्तकांच्या कप्प्यात उभा करून, त्याचा कॅमेरा चालू ठेवून मी बाहेर पडले आणि कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर बसून, हातातल्या मोबाइलवर पाहू लागले. पहिली चाळीस सेकंदे ती दाराकडे पाहत नुसती उभी होती. मग तिची धाप सुरू झाली. घर थंड होते, ती धावलेली नव्हती, तरीही जीभ पूर्ण बाहेर आणि बरगड्या वेगाने हलत होत्या. ती दार ते खिडकी, खिडकी ते दार अशा येरझाऱ्या घालू लागली. जाताना मी तिच्यासमोर दहीभाताची वाटी ठेवली होती. एरवी तो डब्यातून काढल्याचा वास आला तरी ती धावत येते, पण त्या वाटीवरून ती चार वेळा गेली आणि तिने खाली पाहिलेसुद्धा नाही. चार मिनिटे वीस सेकंदांनी तिने मान वर करून तो आवाज काढला. तो आवाज मी तिच्याकडून पूर्वी कधीही ऐकला नव्हता, आणि काकू तो रोज ऐकत होत्या. त्यानंतर ती दार खरवडू लागली. मी धावत परत आले तेव्हा दाराशी लाळेचे थारोळे साचले होते आणि तिच्या उजव्या पायाच्या एका नखातून रक्त येत होते.

पशुवैद्य डॉक्टर बाईंनी ते चित्रण शांतपणे दोनदा पाहिले आणि ‘सेपरेशन अँग्झायटी’ असे निदान केले. मी स्वतःशी त्याला धास्ती म्हणते, कारण हुरहुर, विरह, ओढ हे आपले शब्द गोड आहेत आणि जे मी पाहिले त्यात गोड काहीच नव्हते. डॉक्टरांनी सांगितले की यात कुत्र्याचा हट्ट नसतो आणि सूडही नसतो. उंचावरून खाली पाहताना एखाद्या माणसाचे पाय लटपटतात, तसे हे असते. शरीर आपल्या ताब्यात राहत नाही. म्हणूनच नासधूस बहुधा दारे, खिडक्या अशा बाहेर पडण्याच्या जागी होते, भूक मरते, कधी घरातच लघवी होते, आणि हे सारे बहुतेक वेळा माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होते. घरातले एखादे माणूस जाणे, हे अशी धास्ती बसण्याच्या ज्ञात कारणांपैकी एक आहे. मी त्यांना १४ एप्रिलची दुपार सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

त्यापूर्वी माझ्या हातून दोन चुका झाल्या होत्या आणि त्या इथे सांगायला हव्यात, कारण अशा कुत्र्याबरोबर राहणाऱ्या प्रत्येकाला याच दोन गोष्टी सुचवल्या जातात. एकदा दार पाहून मी तिच्यावर ओरडले. ती कान पाडून, अंग चोरून, डोळे फिरवून बसली आणि मला वाटले की तिला आपली चूक कळली आहे. न्यूयॉर्कमधील बर्नार्ड कॉलेजच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला १४ कुत्र्यांवरील प्रयोग मी नंतर वाचला. मनाई केलेल्या खाऊला तोंड न लावताही ज्या कुत्र्यांना मालकांनी गैरसमजाने दटावले, त्यांच्या चेहऱ्यावरही तो तथाकथित अपराधी भाव उमटत होता. किंबहुना तो अधिक ठळक होता. म्हणजे तो भाव अपराधाचा नसतो, समोरच्या माणसाच्या रागाचा असतो. माझी वाट पाहत तीन तास घाबरत राहिलेल्या जिवाला मी परत आल्याबरोबर आणखी घाबरवले होते. दुसरी चूक पिंजऱ्याची. एका प्रशिक्षकाने सांगितले, कोंडून ठेवा, रडेल आणि गप्प होईल. पहिल्याच दिवशी तिने पिंजऱ्याच्या सळया चावून एक दात दुखावून घेतला. ती गप्प झाली नव्हती, थकली होती. या दोहोंतला फरक आपण फार सहज पुसून टाकतो, आणि तो केवळ कुत्र्यांच्याच बाबतीत पुसतो असे मला वाटत नाही. बालवाडीच्या दारात आईचा पदर सोडवून आत ओढून नेलेले मूल अर्ध्या तासाने निपचित बसले की आपण म्हणतो, रुळले.

मुलांची तुलना मी उगाच करीत नाही. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वर्षभराच्या मुलांसाठी एक चाचणी तयार केली होती : अनोळखी खोली, आई काही मिनिटांसाठी बाहेर जाते, परत येते, आणि त्या जाण्या-येण्यात मूल काय करते ते पाहायचे. बुडापेस्टमधील योझेफ तोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच चाचणी ५१ कुत्र्यांवर आणि त्यांच्या माणसांवर करून पाहिली व १९९८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपले माणूस खोलीत असेल तर कुत्रा खेळतो, खोली हुंगत हिंडतो. ते निघून गेले की दाराशी उभा राहतो. ते परतले की त्याला भेटून पुन्हा खेळाकडे वळतो. मुलांसारखेच. त्याच गटाच्या २००१ सालच्या अभ्यासात असे दिसले की निवारागृहातील मोठ्या कुत्र्यांना अनोळखी माणसाशी असे नाते जडायला दहा-दहा मिनिटांच्या तीन भेटी पुरल्या. हे वाचून मी बराच वेळ बसून राहिले. तीन भेटी, आणि बाबांनी तिला दहा महिने दिले होते.

निष्ठेच्या कथांकडे पाहण्याची माझी दृष्टी यानंतर बदलली. टोकियोतील प्राध्यापक हिदेसाबुरो उएनो मे १९२५ मध्ये अकस्मात वारले आणि त्यांचा कुत्रा हाचिको पुढे जवळजवळ दहा वर्षे, ८ मार्च १९३५ रोजी मरेपर्यंत, शिबुया स्थानकावर येत राहिला. त्याच्या हयातीतच त्याचा पुतळा उभारला गेला. पूर्वी ही गोष्ट सांगताना माझा गळा दाटून येई. आता मनात येते की त्या दहा वर्षांत त्याला त्या जागेवरून हळूहळू सोडवायला कोणी बसले असते तर बरे झाले असते. आपण वाट पाहणाऱ्याचा पुतळा करतो. महाप्रस्थानाच्या वाटेवर युधिष्ठिराने कुत्र्याला टाकून स्वर्गाच्या रथात चढायचे नाकारले, ती कथा मला आता अधिक जवळची वाटते, कारण तिच्यात निष्ठेचा भार कुत्र्यावर नाही, माणसावर आहे. परंतु युधिष्ठिराला सोमवारी हिंजवडीला जायचे नव्हते. मला जायचे होते, आणि ते तिला शिकवायचे होते.

शिकवायची रीत सांगायला अगदी सोपी आहे. जेवढा वेळ ती घाबरत नाही तेवढाच वेळ बाहेर राहायचे आणि ती घाबरण्यापूर्वी परत यायचे. अडचण अशी की आमच्याकडे हा वेळ शून्य होता. मी किल्ल्या उचलल्या की तिची धाप सुरू होई. म्हणून सुरुवात किल्ल्यांपासून करावी लागली. दिवसातून कितीतरी वेळा किल्ल्या उचलायच्या आणि परत ठेवायच्या. चपला घालून भाजी निवडत बसायचे. खांद्याला पर्स लावून चहा करायचा. या वस्तूंचा आणि माझ्या जाण्याचा संबंध तिच्या मनात सैल होईपर्यंत तीन आठवडे गेले. मग दाराची कडी. मग उघडे दार. मग दाराबाहेर एक पाऊल.

नोंद ठेवायला वही हवी होती. बाबांची २०२१ ची डायरी कपाटात होती, १३ एप्रिलपर्यंत भरलेली. मी १४ एप्रिलच्या पानापासून लिहायला सुरुवात केली आणि रकाने त्यांच्याच पद्धतीने आखले : निर्गमन, आगमन, शेरा. पहिल्या पानावर अशा ओळी आहेत : “निर्गमन ७.१२. आगमन ७.१२, एका सेकंदाने. शेरा : उभी राहिली, ओठ चाटले.” “निर्गमन ७.१४. आगमन ७.१४, तीन सेकंदांनी. शेरा : जांभई.” ही जांभई झोपेची नसते. तोंड फार मोठे उघडते, कान मागे जातात आणि शेवटी एक बारीक चिरका आवाज येतो. अस्वस्थ कुत्रा असा जांभई देतो. पूर्वी मी तिच्या किती जांभया पाहिल्या असतील आणि बिचारी दमली म्हणून दिवा मालवला असेल.

वेळ सरळ वाढवीत न्यायचा नसतो. पाच सेकंदे, मग दोन, मग आठ, मग चार, असा वरखाली करायचा, नाहीतर पुढची वेळ मागच्याहून अवघडच असणार हे कुत्र्याच्या ध्यानात येते. ऑक्टोबरात आम्ही पन्नास सेकंदांवर पोहोचलो आणि तिथेच अडकलो. तेव्हा डॉक्टरांनी फ्लुऑक्सेटीन सुरू केले. कुत्र्याला मनाचे औषध देतेस, असे दोन नातेवाइकांनी मला विचारले. मी दिले आणि ते आधी दिले नाही याचेच मला दुःख आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कुत्र्यांच्या याच त्रासासाठी १९९८ मध्ये क्लोमिप्रामिनला आणि २००७ मध्ये फ्लुऑक्सेटीनला मान्यता दिलेली आहे, आणि तीही शिकवण्याच्या जोडीने वापरण्यासाठी. गुंगी येऊन ती पडून राहील ही माझी भीती खोटी ठरली. तूप लावलेल्या पोळीच्या तुकड्यातून रोज सकाळी गोळी दिली जाई आणि पाचव्या आठवड्यात एकदा मी किल्ल्या उचलल्या तेव्हा तिने मान वर केली, पाहिले आणि मान परत खाली ठेवली. मी किल्ल्या हातात धरून तिथेच उभी राहिले.

या काळात तिला सोसवेल त्याहून अधिक वेळ एकदाही एकटे ठेवायचे नव्हते. तसे झाले की आठवड्यांची कमाई एका दुपारी जाते. हे एकट्या माणसाला शक्य नसते. काकूंनी आपली दुपारची झोप आमच्या दिवाणखान्यात आणली. तळमजल्यावरचा महाविद्यालयात जाणारा मुलगा अभ्यासाची पुस्तके घेऊन येऊन बसू लागला. ज्या गृहस्थांनी तक्रार केली होती, त्यांनी मी जिन्यात सेकंद मोजत उभी असलेली पाहिली, कारण विचारले, आणि नंतर ते लिफ्टचे दार हळू लावू लागले. एवढेही मला पुष्कळ होते. कार्यालयात मी दोन दिवस मागून घेतले, पगारवाढ गेली.

एक गोष्ट डॉक्टरांच्या सांगण्यापेक्षा मी थोडी निराळी केली. निघताना काही बोलू नये, गाजावाजा करू नये, गुपचूप निघावे, असे त्यांनी सुचवले होते. परंतु या घरातून न बोलता बाहेर पडणे मला जमेना. आणि तो शब्द तर टिकलीला ठाऊक होता. तिने तो शेवटचा ऐकला होता तेव्हा तो खरा ठरला नव्हता. मी एका संध्याकाळी दारात उभी राहून हळूच म्हणाले, “येते गं, टिकले,” आणि बाहेर न जाताच परत वळले. ती थरथरली. म्हणून तो शब्दही किल्ल्यांसारखाच एका सेकंदापासून सुरू करावा लागला. डॉक्टरांना सांगितले तेव्हा त्यांनी हरकत घेतली नाही. फक्त एक अट घातली की जितका वेळ तिला नक्की सोसवेल तितक्याच वेळासाठी हा शब्द वापरायचा. दीर्घकाळ जायचे असेल आणि काकू बसणार असतील, तर हा शब्द उच्चारायचा नाही. गेली दोन वर्षे मी तो नियम मोडलेला नाही. इतक्या जपून मी मराठीतला कोणताच शब्द वापरत नाही.

सगळे सरळ झाले असे नाही. २०२३ च्या गणपतीत, विसर्जनाच्या आदल्या दिवशी वाहतूक तुंबली, पंचवीस मिनिटांचे पाऊण तास झाले आणि बाहेर ढोल वाजत होते. आम्ही चाळीस मिनिटांवरून परत सहा मिनिटांवर आलो आणि त्या पानावर मी शेरा लिहू शकले नाही. दिवाळीचे चार दिवस मी आजही कुठे जात नाही. मुक्कामाला तर कुठेच जात नाही. साताऱ्याची मावशी म्हणते, तू तिच्यापायी अडकून पडलीस. मावशीचे म्हणणे मोजमापाला बरोबर आहे. चार तासांहून अधिक तिला एकटे ठेवायचे नाही, हे मी ठरवूनच टाकले आहे, आणि त्या चार तासांत बसेल एवढेच माझे बाहेरचे जग आहे. ते मला पुरते.

गेल्या रविवारी शनिवार पेठेत मामेबहिणीचा साखरपुडा होता. टिकलीला सकाळी नदीकाठी तासभर मनसोक्त हुंगू दिले, पाणी भरून ठेवले, दारात उभी राहून म्हणायचे ते म्हणाले आणि निघाले. पहिला अर्धा तास मी मंगल कार्यालयाच्या मागच्या जिन्यात बसून मोबाइलमध्ये पाहत होते. ती दारापर्यंत गेली. उंबऱ्याची फट तिने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हुंगली आणि क्षणभर पंजा उचलला. मग तो खाली ठेवला, वळली, आणि खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत चढली. बाबा असताना ती त्या खुर्चीत कधी चढलेली नव्हती. तिची जागा खाली, त्यांच्या पावलांवर असे. स्वतःभोवती दोन फेऱ्या घेऊन ती बसली आणि हातावर हनुवटी टेकून तिने डोळे मिटले. मी वर हॉलमध्ये गेले, पंगतीत बसले, बहिणीची ओटी भरली.

परतल्यावर कुलपात किल्ली फिरवली तेव्हा आतून आवाज आला नाही. दार उघडून पाहिले तर ती खुर्चीतून उतरत होती. पुढचे पाय लांब ताणून, पाठ खाली झुकवून तिने एक मोठी, सावकाश, कान सैल सोडलेली जांभई दिली आणि मग शेपटी हलवत माझ्याकडे आली. बाबांची डायरी केव्हाच भरली; आता ही तिसरी आहे. चपला काढण्यापूर्वी मी लिहिले : निर्गमन १०.०५. आगमन १.१५. शेरा : झोपलेली.